शाल नंतर आणा, आधी जनरल रजिस्टर काढा

सोलापुरात माजी खेळाडूंचा सत्कार कसा होतो, हे सगळ्यांना पाठ आहे. हुतात्मा स्मृती मंदिर नाहीतर फडकुले सभागृह, मागे फ्लेक्स, पुढे सोफे, सोफ्यांवर पाहुणे. ज्यांच्यासाठी हा घाट घातला ते सत्तरी ओलांडलेले लोक तिसऱ्या रांगेत. नाव पुकारतात, शाल, श्रीफळ, गुच्छ, फोटो, पुढचा. हा माणूस नेमकं काय खेळला, कोणत्या साली, कोणत्या पातळीपर्यंत, हे सूत्रसंचालकालाही ठाऊक नसतं. ‘आपल्या काळातले नावाजलेले खेळाडू’ एवढ्यावर भागतं. पुढच्या वर्षी पुन्हा तीच सात-आठ नावं.

यात सगळ्यात जास्त मार खातो तो शाळेत तीन-तीन खेळ गाजवलेला मुलगा किंवा मुलगी. एका खेळाच्या माणसाला निदान त्याची संघटना आठवणीत ठेवते. खो-खोवाले खो-खोवाल्यांना बोलावतात, कबड्डीवाले कबड्डीवाल्यांना. पण जो खो-खोत पहिल्या तुकडीत पळायचा, कबड्डीत चढाईला जायचा आणि वार्षिक स्पर्धेत लांब उडी, गोळा आणि रिलेही मारून न्यायचा, तो कुणाचा? प्रत्येक संघटनेला वाटतं, दुसरी बघेल. पॉली उम्रीगर सोलापूरचे, हे इथल्या प्रत्येक प्रश्नमंजूषेत विचारतात आणि विचारावंच. १९५५ साली हैदराबादला न्यूझीलंडविरुद्ध २२३, भारताचं कसोटीतलं पहिलं द्विशतक. पण ते नाव जगानेच जपलंय. शाळेच्या ढालीवर कोरलेली नावं आपल्याशिवाय कोण जपणार?

म्हणून म्हणणं एकच आहे. सत्कार समिती बसवायच्या आधी नोंद समिती बसवा. नोंद झाली की सत्कार कुणाचा, हा वाद निम्मा तिथेच मिटतो.

सुरुवात मुख्याध्यापकांच्या खोलीतल्या काचेच्या कपाटापासून करा. त्यातल्या फिरत्या ढालींवर छोट्या पट्ट्या असतात, पट्टीवर साल आणि शाळेचं किंवा विजेत्याचं नाव. वार्षिक स्पर्धेतल्या वैयक्तिक अजिंक्यपदाची ढाल मिळाली तर सोनंच, कारण ती पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या क्रमांकाला गुण देऊन ठरायची. म्हणजे बहुक्रीडापटू कोण, हे त्या काळानेच लिहून ठेवलंय. पट्टी काळवंडली असेल तर पावडरीने घासत बसू नका, मुलामा जातो आणि उथळ कोरीव अक्षरंही जातात. खोलीत अंधार करा, टॉर्च पट्टीच्या अगदी कडेने आडवा धरा आणि मोबाइलवर फोटो काढा. खाचेत सावली पडते आणि अक्षर उठून दिसतं. तरीही वाचता आलं नाही तर बटर पेपर ठेवून मऊ पेन्सिल आडवी फिरवा.

मग डेड स्टॉक रजिस्टर. कप-ढाली कधी आल्या, कधी ‘निर्लेखित’ झाल्या म्हणजे हिशेबातून काढल्या, ते तिथे सापडतं. बऱ्याच ढाली भंगारात गेल्यात, पण रजिस्टरमधली ओळ शाबूत असते. त्यानंतर शाळेचे वार्षिक अंक. क्रीडा विभागाचा अहवाल शेवटच्या पानांत असतो, आणि नेमकी तीच पानं वाळवीने आधी खाल्लेली असतात. शाळेत अंक नसेल तर निवृत्त शिक्षकांच्या घरी विचारा. वर्तमानपत्रांच्या जुन्या फायली चाळायच्या असतील तर हिराचंद नेमचंद वाचनालयात चौकशी करा, पण तारीख हातात घेऊन जा. अख्खं वर्ष चाळायला बसलेला माणूस तिसऱ्या दिवशी उठतो, ते पुन्हा येत नाही.

खेळाडूंच्या घरची प्रमाणपत्रं मागवली तर एक सूचना आधीच द्या: लॅमिनेशन करू नका. जुना कागद उष्णतेने पिवळा पडतो, शाई पसरते आणि एकदा चिकटलेलं प्लास्टिक पुन्हा सुटत नाही. सपाट स्कॅन ६०० डीपीआयवर, मागची बाजूही. मागच्या बाजूला शिक्का आणि कधीकधी पेन्सिलने लिहिलेली वेळ किंवा अंतर असतं.

आता घोळ कुठे होतात ते. पहिला घोळ सालाचा. शाळेचं वर्ष जून ते एप्रिल. प्रमाणपत्रावर १९६७-६८, वर्तमानपत्रात जानेवारी १९६८, आणि खेळाडू सांगतो ‘सदुसष्ट’. तीन कागद, तीन यशं नाहीत, एकच आहे. दुसरा घोळ ‘हायस्कूल’ या शब्दाचा. १९७५ मध्ये दहावीची पहिली शालान्त परीक्षा झाली, त्याआधी मॅट्रिक अकरावीला. म्हणजे जुनी अकरावी आणि नंतरची अकरावी एक नाही. सरळ नियम करा: मॅट्रिकपर्यंतची कामगिरी शालेय, कनिष्ठ महाविद्यालयातली वेगळ्या रकान्यात. तिसरा घोळ जन्मतारखेचा. जनरल रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या प्रवेशाच्या नोंदवहीत, १ जूनला जन्मलेली मुलं इतकी आहेत की त्या दिवशी महाराष्ट्रभर सुईणींना उसंत मिळाली नसेल. गुरुजींनी लिहिलेल्या त्या तारखेवरून ‘सर्वांत लहान वयाचा विजेता’ वगैरे किताब देऊ नका.

चौथा घोळ नावांचा, आणि हा खास सोलापुरी. आपल्याकडे एकाच संघात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू घरांतली मुलं. पूर्व भागातल्या तेलुगू घरात घराण्याचं नाव आधी येतं, शाळेत शेवटी लिहिलं जातं, वर्तमानपत्रात ते अर्धंच छापलं जातं. एकाच माणसाची तीन माणसं होतात, किंवा दोन चुलतभावांचा एक. उपाय एकच, जनरल रजिस्टरचा नोंदणी क्रमांक. ढाल, अंक, बातमी यांतलं नाव त्या क्रमांकाला जुळलं तरच पक्कं धरा. मुलींचं तर अवघडच आहे. ढालीवर माहेरचं नाव, मतदार यादीत सासरचं, आणि काही घरांत लग्नात पाळण्यातलं नावही बदललेलं. त्यांना शोधायचं तर शाळेच्या यादीवरून नाही, मैत्रिणींच्या साखळीवरून. एक सापडली की ती चौघींचा पत्ता सांगते.

कागद वाचतानाही खेळ माहीत असावा लागतो. खो-खोच्या बातमीत ‘२.१० मि. व ३ गडी’ असतं. ती २ मिनिटं १० सेकंदांची पळती आहे, २.१ मिनिटं नव्हे; ‘३ गडी’ म्हणजे बाद केलेले. संगणकात भरताना हमखास चुकतं आणि बेरीज केली की सगळं कोसळतं. २.१० आणि १.५५ मिळून ३.६५ होत नाहीत, ४ मिनिटं ५ सेकंद होतात. कबड्डीला जुन्या कागदांत ‘हुतुतू’ लिहिलेलं दिसेल, तो वेगळा खेळ समजून कुणाला फुकटचा चौथा खेळ देऊ नका.

मैदानी खेळांचे आकडे तर जपूनच वापरा. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. ‘शंभर १०.८ मध्ये’ असं लिहिलेलं असेल तर आधी यार्ड की मीटर ते बघा, शाळकरी मुलाच्या बाबतीत फरक साधारण एका सेकंदाचा पडतो. हाताने दाबायचं घड्याळ असेल तर आजच्या विद्युत वेळेशी ताडताना १०० आणि २०० मीटरला ०.२४ सेकंद मिळवायचे असतात. त्यातही घड्याळवाल्याने पिस्तुलाचा धूर बघून बटण दाबलं की आवाज ऐकून, हा प्रश्न राहतोच. घड्याळवाला शेवटच्या रेषेवर उभा, तिथवर १०० मीटर यायला आवाजाला ०.३ सेकंद लागतात. शिट्टीवर सोडलेल्या शर्यतीत तो फायदा मुलाच्या खात्यात जमा झालेला असतो. वाऱ्याचं मोजमाप तर नव्हतंच.

म्हणून फलकावर ‘विक्रम’ हा शब्द टाळा. मूळ एकक आधी लिहा, कंसात मेट्रिक: लांब उडी २० फूट ३ इंच (६.१७ मीटर). १२ पौंडी गोळा ५.४४ किलोचा. तो टाकणाऱ्या मुलाला आजच्या ५ किलोच्या आकड्याशेजारी उभं करणं हा अन्याय आहे. १९६८ नंतर उंच उडीत फॉसबरीची पाठीवरची उडी जगभर पसरली, पण तिला गादी लागते. वाळूच्या खड्ड्यात कात्री मारणाऱ्या मुलाची उंची त्याच खड्ड्याच्या हिशेबाने वाचा.

निवड कशी करावी, यावर मतभेद होणारच. आमचं मत असं. किमान दोन खेळ, त्यातला एक सांघिक आणि एक वैयक्तिक. खो-खो आणि कबड्डी एवढंच असेल तर तो उत्तम खेळाडू आहे, पण या यादीसाठी तिसरं काहीतरी हवं. प्रत्येक खेळातली सर्वोच्च पातळी एकदाच मोजा: शहर किंवा तालुका १, जिल्हा ३, विभाग ६, राज्य १०, राष्ट्रीय १५. एकाच खेळात चारदा राज्याला गेलेल्याचे ४० होत नाहीत, १० च राहतात. हे कडू वाटेल, पण नाहीतर ही यादीही एका खेळाच्या लोकांचीच होईल. शिवाय दोन खेळांत तरी जिल्ह्याची पातळी गाठलेली हवी.

शाळेनंतर काय केलं, याला शून्य गुण. हा मुद्दा हट्टाने धरा. यंत्रमाग किंवा विडी कामगाराच्या घरात वाढलेला मुलगा मॅट्रिक झाला की बहुतेक वेळा कामाला लागायचा आणि मैदान संपायचं. पुढे नोकरीत खेळत राहिलेल्याला त्या जोरावर वर ढकललं, तर मूळ हेतूच गेला. आणि अर्थातच, पुढे नगरसेवक झाला, संस्थाचालक झाला, देणगी दिली, यालाही शून्य. समितीत सात जण पुरे: तीन खेळांचे तीन जाणकार, एक निवृत्त क्रीडाशिक्षक, दोन माजी महिला खेळाडू, एक ग्रंथपाल. स्वतःच्या शाळेच्या नावावर कुणी मत द्यायचं नाही.

मुलींना मुलांच्या तक्त्यावर मोजू नका. ऑलिंपिकमध्येच स्त्रियांची १५०० मीटर १९७२ ला आली, तिहेरी उडी १९९६ ला, बांबू उडी २०००ला. मग १९६५ च्या शाळेत मुलींना किती शर्यती मिळत असतील? ज्या स्पर्धा होत्याच नाहीत, त्यांत भाग घेतला नाही म्हणून गुण कापायचे का? मुलींसाठी पातळीचे गुण तेच ठेवा, पण टेनिकॉइट (रबरी रिंगचा खेळ), लेझीम स्पर्धा, लंगडी यांचीही नोंद धरा. एका खेळातून दुसऱ्यात जाणं हे कमअस्सल नाही, याचं ताजं उदाहरण आपल्याच जिल्ह्यात आहे. किरण नवगिरे आधी भाला फेकायची, मग क्रिकेटकडे वळली, २०२२ मध्ये नागालँडकडून टी-ट्वेंटीत नाबाद १६२ केल्या आणि त्याच वर्षी भारताकडून खेळली. तिच्या आधीच्या पिढीतल्या अशाच हाताच्या मुलींची नावंसुद्धा आपल्याकडे नाहीत.

पुराव्याचं म्हणाल तर दोन स्वतंत्र स्रोत. ढाल आणि वार्षिक अंक, किंवा प्रमाणपत्र आणि बातमी. संघातल्या सोबत्याचं सांगणं अर्धा स्रोत धरा, म्हणजे दोघांनी वेगवेगळं बसून तेच सांगितलं तर एक. ज्याचं काहीच जुळत नाही, त्याचं ध्वनिमुद्रण करून ठेवा, फलकावर नको. मुलाखतीला संघाचा ग्रुप फोटो हातात घेऊन जा. ‘तुमच्या आठवणी सांगा’ म्हटलं की लोक गप्प होतात, ‘तुमच्या डाव्या हाताला बसलाय तो कोण?’ म्हटलं की तासभर थांबत नाहीत. आणि तेलुगूत, कन्नडमध्ये, उर्दूत बोलू द्या, भाषांतर नंतर होतं.

कार्यक्रमाबद्दल थोडंच. राज्य क्रीडा दिन १५ जानेवारीला, खाशाबा जाधवांच्या जयंतीला असतो, पण सोलापुरात त्या आठवड्यात काही ठेवू नका. सिद्धेश्वरांची यात्रा, नंदीध्वजांच्या मिरवणुका, होम मैदानावर गड्ड्याची जत्रा, रस्ते बंद. पंचाहत्तरीचा माणूस तिथून सभागृहात पोचणार कसा? जानेवारीचा शेवटचा रविवार बरा, सकाळी दहा ते बारा. एप्रिल-मे तर सोडूनच द्या. वर्षाला बारा जणच, प्रत्येकी चार मिनिटं, त्यात त्याची नोंद पूर्ण वाचायची. व्यासपीठावर चढायला लावू नका, पाहुण्यांनी खाली यावं. हातांच्या खुर्च्या ठेवा. आणि ‘गंमत म्हणून’ ज्येष्ठांची ५० मीटर शर्यत अजिबात नको, पोटरी आणि मांडीचा मागचा स्नायू ती गंमत ओळखत नाहीत. द्यायचंच तर १२ बाय १८ इंचाच्या फ्रेममध्ये जुना संघ फोटो आणि खाली नोंद. सोलापुरी चादर सुंदर असते, पण सोलापूरकराला चादर देणं म्हणजे पंढरपूरकराला बुक्का देणं.

राहिला फलक. फ्लेक्स आपल्या उन्हात वर्षभरात पांढरा पडतो. ॲक्रिलिकची अक्षरं गळतात, मग ‘गोळाफेक’ची ‘गोळाफे’ होते. ग्रॅनाइटवर एकदा चूक कोरली की कोरली. सागवानी किंवा चांगल्या प्लायच्या पाट्यावर प्रत्येकाची वेगळी पितळी पट्टी, १० इंच बाय दीड इंच, दोन स्क्रूंनी. नाव चुकलं, साल चुकलं, तर एकच पट्टी बदलते. दहा फुटांवरून वाचायला अक्षर इंचभर हवं, म्हणून पट्टीवर फक्त नाव आणि वर्षं घ्या, बाकी तपशील शेजारच्या वहीत. क्रम सालाने, गुणांनी नाही. कोरायला देण्याआधी मसुदा खेळाडूला किंवा घरच्यांना दाखवून सही घ्या, वेलांटीसकट. आणि निम्म्या जागा रिकाम्या ठेवा, कारण पहिला फलक लागला की दुसऱ्या आठवड्यात कुणीतरी पिशवीतून प्रमाणपत्रं घेऊन शाळेच्या दारात येतंच.