मार्चमधला बर्फ कुणाच्या वाट्याला येतो?

उबदार हवेच्या शहरांना हिवाळी ऑलिम्पिक द्यावं की नाही, हा वाद निघाला की सगळे फेब्रुवारीचं बोलतात. मला मार्चचं बोलायचंय. कारण त्याच डोंगरावर, त्याच उतारावर मार्चमध्ये दिव्यांग खेळाडूंचं पॅरालिम्पिक होतं आणि तोवर बर्फाची पार रया गेलेली असते.

२०१४ चं सोची आठवा. रशियातलं, काळ्या समुद्राकाठचं, रस्त्याकडेला पामची झाडं असलेलं शहर. स्केटिंग आणि आईस हॉकी किनाऱ्याजवळच्या बंदिस्त हॉलमध्ये झाली, त्याला माझी काहीच हरकत नाही. पण स्कीइंग क्रास्नाया पोल्यानाच्या डोंगरात होतं. त्यासाठी आदल्या हिवाळ्यातला बर्फ उन्हाळाभर जाड आच्छादनाखाली झाकून ठेवला होता. तरीही ऐन स्पर्धेत स्वित्झर्लंडहून विमानाने मीठ आणावं लागलं! आपण पॉट आईस्क्रीम करताना लाकडी बादलीतल्या बर्फावर खडे मीठ टाकतो ना, तेच तत्त्व. मिठाने वरचा थर वितळतो, वितळताना खालची उष्णता ओढून घेतो आणि उतार पुन्हा कडक होतो. पण थोडाच वेळ. रात्रीसुद्धा गारठा नसेल तर मिठाचंही काही चालत नाही.

हे झालं फेब्रुवारीत. पॅरालिम्पिक सुरू झालं ७ मार्चला.

माझा धाकटा भाऊ व्हीलचेअर वापरतो. आम्ही दोघांनी त्या शर्यती एकत्र पाहिल्या. बसून स्कीइंग करणारा खेळाडू एका साच्यासारख्या खुर्चीत घट्ट बांधलेला असतो. खाली एकच स्की, हातात दोन छोट्या आधाराच्या काठ्या. बर्फ भुसभुशीत झाला की ती स्की रुतते आणि सगळा वेग अंगावर येतो. त्या डाउनहिलमध्ये, म्हणजे उतारावरून सुसाट खाली येण्याच्या शर्यतीत, वाईट अपघात झाले. भाऊ टीव्हीकडे बघत एवढंच म्हणाला, "ताई, रुतलं गं त्याचं." त्याला ते लगेच कळलं. अवकाळी पावसानंतर मैदानात त्याच्या खुर्चीची पुढची छोटी चाकं अशीच रुतली होती. खुर्ची जागच्या जागी थांबली आणि हा तोंडावर पडला.

त्यात क्रम बघा. बहुतेक शर्यतींत आधी अंध आणि अंशतः दृष्टी असलेले खेळाडू उतरतात, मग उभ्याने खेळणारे, शेवटी बसून खेळणारे. म्हणजे दुपारचा, सगळ्यात उखणलेला उतार नेमका त्यांच्या वाट्याला.

२०२२ ला बीजिंगमध्येही मार्चच्या उन्हामुळे पॅरालिम्पिकच्या काही शर्यती ठरल्यापेक्षा आधी घ्याव्या लागल्या. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठाच्या संशोधकांनी जगातल्या ९३ डोंगरी ठिकाणांचा हिशेब मांडलाय. २०५० च्या दशकात ऑलिम्पिकसाठी त्यातली ५२ भरवशाची राहतील, पॅरालिम्पिकसाठी फक्त २२. हा फरक काही आठवड्यांचा आहे, खेळाडूंच्या कुवतीचा नाही. दोन्ही स्पर्धा तीन आठवडे अलीकडे आणल्या तर पॅरालिम्पिकच्या जागा बऱ्याच वाढतात, असंही तेच संशोधक सांगतात.

म्हणून माझं सरळ म्हणणं आहे. बंदिस्त हॉलमधले खेळ कुठल्याही शहरात घ्या. पण बर्फावरच्या खेळांसाठी जागा निवडताना आधी तिथला मार्च तपासा. मार्चमध्ये बर्फ टिकत नसेल तर त्या डोंगरावर पॅरालिम्पिक आधी घ्या आणि ऑलिम्पिक नंतर. आणि बसून खेळणाऱ्यांना कधीतरी सकाळी पहिल्यांदा उतरू द्या, उतार कडक असताना.