चिखलात खेळायची फी

नाशिकला पुतण्याच्या शाळेने दप्तराविना दिवसांतला एक दिवस सहावीच्या मुलांना निफाडकडच्या एका द्राक्षबागेत नेलं आणि माती खणून तिच्यातले जीव मोजायला लावले. त्यावर पालकांनी सह्यांचं पत्र दिलं: 'चिखलात खेळायची फी आम्ही भरत नाही.' दादाने ते घरच्या ग्रुपवर टाकलं. खाली वहिनींचीही सही! तेव्हापासून माझं डोकं तापलंय.

इथे नेदरलँड्समध्ये, वागेनिंगेनला, माझी लेक ग्रुप सहामध्ये, म्हणजे आपल्या चौथीत, आहे. सप्टेंबर सरता सरता बोडेमडीरेनडाखेन, म्हणजे मातीतले जीव मोजायचे दिवस, आले की अख्खा वर्ग शाळेमागे उकिडवा बसतो, विटा उलथतो, गांडुळं, गोमी, गोगलगायी मोजतो. ते आकडे संशोधकांकडे जातात. कपडे मळले म्हणून कुणी पत्र लिहिल्याचं मी ऐकलेलं नाही.

दादा म्हणाला, "तुमच्याकडे शेण जास्त झालं म्हणून सरकार गोठे बंद करायला पैसे देतंय. तू आम्हाला शिकवू नकोस." गोठ्यांचं खरं आहे. पण म्हणून निफाडच्या मातीचं भलं होत नाही.

२०१५ पासून आपल्याकडे मृदा आरोग्य पत्रिका मिळते. सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह असे १२ घटक तपासतात. त्यांत जिवंत असं एकही नाही. आणि पृथ्वीवरच्या निम्म्याहून जास्त प्रजाती मातीत राहतात, असा अंदाज २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी मांडला. आपण बागेत वर्षानुवर्षं बोर्डो, म्हणजे मोरचूद आणि चुन्याचं बुरशीनाशक, फवारतो. मोरचुदातलं तांबं मातीत साचत जातं आणि गांडुळांना ते सोसत नाही. तांब्याचा आकडा पत्रिकेवर असतो, पण गांडुळांचं काय झालं ते तिच्यावरून कळायचं नाही. वीतभर लांब, वीतभर रुंद, वीतभर खोल खड्डा घ्यावा, ढेकूळ हलक्या हाताने फोडावं. आत पांढरी मुळं, त्यांना धरून राहिलेली माती, गांडुळांच्या विष्ठेच्या बारीक गोळ्या दिसतात. एक खड्डा वेलींच्या ओळीत, दुसरा बांधावरच्या कडुलिंबाखाली. दोन्हींतली गांडुळं मोजली की फरक मुलांना आपसूक कळतो. यापेक्षा चांगला विज्ञानाचा तास कुठला?

सातबाऱ्यावर माझं नाव अजून आहे. पण लेकीला इथल्या विटांखालचा पिसेबेड हा किडा ओळखू येतो, आपल्या रानातली मुळं खाणारी हुमणी अळी येत नाही. काळ्या रानाला उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तिने पाहिलेल्या नाहीत. मी फोटो दाखवतो, ती बघते आणि उठून जाते. पुतण्याच्या हाताशी ते रान आहे. जे मला इथे बसून लेकीला देता येत नाही, ते त्याला शाळेने दिलं आणि घरच्यांनी सही करून नाकारलं. हे मला फार लागलंय.

शाळेने आता पालकसभा बोलावली आहे. वहिनी, सही मागे घ्या. आणि सहल मे महिन्यात नको म्हणून सांगा, तेव्हा गांडुळं खोल जाऊन बसतात. श्रावणात न्या, पावसाने उघडीप दिली आणि वाफसा आला, म्हणजे चिखल जाऊन नुसता ओलावा राहिला, की.