सूची दोन हातात घेऊन तलाठ्याकडे

शेजारच्या मुलानं मध्यंतरी गावाकडं अडीच एकर जमीन घेतली. खरेदीखत नोंदवलं, त्या नोंदणीचा गोषवारा म्हणजे सूची दोन काढली आणि संध्याकाळी थेट माझ्याकडे आला. "मावशी, सूची दोनची नक्कल घेऊन तलाठी भाऊसाहेबांकडे कधी जाऊ? सोबत काय काय न्यायचं?" मी म्हटलं, कुठंच जायचं नाही. चार दिवस थांब. चार दिवसांनी त्याच्याच मोबाइलवर 'आपली चावडी' ही सरकारी वेबसाइट उघडली, जिल्हा, तालुका, गाव निवडलं, आणि त्याच्या खरेदीचा फेरफार, म्हणजे सातबाऱ्यावरचं नाव बदलण्याची नोंद, नंबरासकट समोर आला. कितीतरी वेळ तो स्क्रीनकडे बघत बसला होता.

महसूल खात्यात माझी एकतीस वर्षं गेली. कारकून म्हणून लागले, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. त्यामुळे त्या स्क्रीनवर मला जे दिसलं ते त्याला दिसणं शक्य नव्हतं, आणि म्हणून हे सविस्तर लिहितेय. सरकारी कामात 'नवोपक्रम' म्हटलं की लोकांच्या डोळ्यासमोर उद्घाटन, फीत आणि नवीन ॲप येतं. माझ्या डोळ्यासमोर एक म्हातारे गृहस्थ येतात.

ते माझ्या टेबलापुढे उभे होते, हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं खरेदीखत. चार वर्षांपूर्वी जमीन घेतली, पैसे दिले, दस्त नोंदला, ताबा घेतला, पेरलीही. त्यांना वाटलं, सरकारी ऑफिसात अंगठा दिला म्हणजे जमीन नावावर झाली. सातबाऱ्यावर मात्र जुन्याच मालकाचं नाव राहिलं होतं, आणि त्या नावावर त्यानं पीककर्ज उचलून बोजाही चढवला होता. कारण दस्त नोंदतो दुय्यम निबंधक आणि सातबारा ठेवतो तलाठी. या दोघांमधली वाट चालायची कुणी? तर जमीन घेणाऱ्यानं. सूची दोनची नक्कल काढायची, गावी जायचं, तलाठी त्या दिवशी सजातल्या, म्हणजे त्याच्याकडच्या, दुसऱ्या गावाला असेल तर परत यायचं. अर्ज दिला की गाव नमुना सहामध्ये फेरफार, मग नोटिसा, हरकतीचे पंधरा दिवस, मग सर्कलची, म्हणजे मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. पहिलं पाऊलच पडलं नाही तर पुढचं काही घडतच नाही.

आणि कायदा काय सांगत होता? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम १५४. जमिनीच्या हक्काचा दस्त नोंदला गेला की नोंदणी अधिकाऱ्यानंच तलाठ्याला कळवायचं. म्हणजे ही वाट ऑफिसनं चालायची, हे संहितेत पहिल्यापासून लिहिलेलं आहे. तरी कित्येक दशकं शेतकरी पायपीट करत राहिला. कळवण्याचे कागद निघायचे, पण महिन्यांनी पोचायचे, एखाद्या गठ्ठ्यात पडून राहायचे, आणि ते आले नाहीत म्हणून कुणी कुणाला जाब विचारत नव्हतं. सातबाऱ्याचे प्रमुख जमाबंदी आयुक्त पुण्यात, दस्तनोंदणीचे प्रमुख नोंदणी महानिरीक्षकही पुण्यातच. खातं एकच, महसूल. अंतर कोसांचं नव्हतंच.

ई-फेरफार या सरकारी संगणक प्रणालीनं नेमकं हेच अंतर मिटवलं. दुय्यम निबंधकाची आय-सरिता प्रणाली आणि तलाठ्याचा सातबारा एकमेकांना जोडला. दस्त नोंदला की माहिती आपोआप तलाठ्याच्या लॉगिनला जाते आणि फेरफाराचं काम सुरू होतं. याच्याएवढा मोठा नवोपक्रम माझ्या उभ्या नोकरीत मी पाहिला नाही. नवा कायदा लागला नाही, नवं ऑफिस लागलं नाही. दोन ऑफिसं एकमेकांशी बोलायला लागली.

हे सहज झालं असं मात्र कुणी समजू नका. संगणकावरचा सातबारा हस्तलिखिताशी जुळवण्याचं काम ज्यांनी केलं ते तलाठी मी पाहिले आहेत. दिवसा सर्व्हर इतका मंद चालायचा की एक पान उघडायला चहा पिऊन यावं लागे, म्हणून रात्री बारा-एकला बसायचे. कित्येकांनी लॅपटॉप पदरच्या पैशानं घेतले. पिढ्यानपिढ्यांच्या चुका, खोडाखोड, पोटखराब्याचे घोळ, नावातली एक वेलांटी, सगळं एकेक गट करून दुरुस्त केलं आणि चावडी वाचन करून लोकांना ऐकवलं. १ मे २०१८ला डिजिटल सहीचा सातबारा सुरू झाला. आज पंधरा रुपयांत घरबसल्या निघतो. त्या पंधरा रुपयांच्या कागदामागे या माणसांच्या रात्री आहेत. त्यांची नावं कुठल्याच फलकावर नाहीत याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आमच्या पिढीला नगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखीना माहीत आहेत. १९८०च्या दशकात त्यांनी घालून दिलेली घडी, फायलींचे सहा गठ्ठे, अभिलेखांचं अ-ब-क-ड वर्गीकरण, हे आम्ही नोकरीत पाठ केलं. पुढे विभागीय आयुक्त चंद्रकांत दळवींनी पुणे विभागात झिरो पेंडन्सी, म्हणजे एकही काम तुंबू न देण्याची मोहीम राबवली, तिचा पायाही हाच. पण लखीना पॅटर्नचं पुढे काय होतं ते मी टेबलावर बसून पाहिलंय. साहेब आग्रही असेपर्यंत गठ्ठे लागतात. साहेबांची बदली झाली की सहा महिन्यांत सगळे गठ्ठे एकाच कपाटात. ई-फेरफार मात्र कितीही बदल्या झाल्या तरी चालू राहिलं, कारण ते कुणा एकाच्या आग्रहावर उभं नव्हतं. जुनी वाटच बंद केली होती. हस्तलिखित सातबारा देणं थांबलं, परतायला जागा उरली नाही.

आणि जिथं जुनी वाट उघडी ठेवतात तिथं काय होतं, तेही सांगते. अर्ज ऑनलाइन भरा, आणि त्याची प्रिंट काढून कागदपत्रांसह कार्यालयात जमा करा. मी स्वतः अशा प्रती मागितल्या आहेत. कारण दफ्तर तपासणीला येणारे संचिका मागतात, स्क्रीन मागत नाहीत. कारकुनावर चिडून उपयोग नाही. तपासणीची पद्धत बदलल्याशिवाय कुठलंही पोर्टल लोकांचा हेलपाटा वाचवू शकणार नाही. २०१५चा लोकसेवा हक्क कायदा मुदत ठरवून देतो, ते चांगलंच आहे. पण त्या मुदतीत नागरिकाकडे जे कागद मागतो, त्यातले निम्मे सरकारच्याच दुसऱ्या टेबलावर असतात.

शेतकऱ्यानं मोबाइलवर स्वतःच पीक नोंदवायच्या ई-पीक पाहणीचंही कौतुक करायला हवं. १५ ऑगस्ट २०२१पासून राज्यभर. महसूल आणि कृषी खातं एकत्र आलं, टाटा ट्रस्टची साथ मिळाली, आणि गाव नमुना बारा, म्हणजे पिकांची नोंद, भरायचं काम शेतकऱ्याच्या हातात आलं. पूर्वी तो नमुना चावडीत बसूनच भरला जायचा, हे खात्यातल्या कुणालाही विचारा. पण बांधावर रेंज नसलेल्या बाईचं पीक नोंदलं गेलं नाही तर नुकसानभरपाईला ती मागे पडते. अशांसाठी गावात सहायक नेमणं हा उपक्रमाचाच भाग मानला पाहिजे. राज्य सरकारची नाविन्यता सोसायटी तरुणांच्या स्टार्टअपना सरकारी कामं देते, तेही मला आवडतं. त्या मुलांना एवढीच विनंती, आधी आठवडाभर एखाद्या तहसीलच्या खिडकीपाशी बसा. सोमवारी बसा, बाजारच्या दिवशी बसा.

माझी मागणी फार मोठी नाही. प्रत्येक नव्या उपक्रमाच्या शासन निर्णयात एक परिच्छेद असावा: आजपासून नागरिकाकडे अमुक कागद मागायचा नाही, अमुक रजिस्टर बंद. आणि कुठल्या खात्यानं कुठल्या खात्याकडून तो कागद घ्यायचा ते, आणि तो घेणाऱ्या अधिकाऱ्याचं पदनाम.

शेजारच्या मुलाची नोंद परवा मंजूर झाली. डिजिटल सहीचा सातबारा काढला, आईच्या हातात दिला. काल तोच घेऊन विहिरीच्या कर्जासाठी बँकेत गेला. तिथं त्याला सांगितलं, यावर तलाठ्याचा शिक्का आणून द्या. कागदावरच लिहिलंय की सही-शिक्क्याची गरज नाही, तेही त्यानं दाखवलं. उद्या तो कामावर रजा टाकून गावाला जाणार आहे.