चार चाकांची शाकारणी

आमचं राजापूरचं घर दर मे महिन्यात शाकारावं लागायचं. गडी वर चढायचे, फुटकी कौलं खाली यायची आणि आजोबा अंगणात उभे राहून, मान वर करून, कुणीही न ऐकणाऱ्या सूचना द्यायचे. एवढं करून पहिल्या पावसात घर गळायचंच. फक्त जागा बदलायची. पुढे नोकरीच्या निमित्ताने इंग्लंडात आलो, स्विंडनला घर घेतलं, तेव्हा मनात म्हटलं, चला, शाकारणीतून सुटलो.

मग मी १९९८ सालची मोटारहोम विकत घेतली.

मोटारहोम म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर बसएवढं धूड आलं असेल तर ते पुसून टाका. आमची लांबी पाच मीटर चाळीस सेंटिमीटर. मुळात सामान वाहायची डिझेल व्हॅन. तिचं पत्र्याचं छत कापून वर फायबरची उंच टोपी बसवलेली. आत दोन बाक, ते रात्री जोडले की पलंग. दोन शेगड्या, टोपभर बेसिन, गुडघ्याएवढा फ्रिज आणि एका कपाटात जे आहे त्याचा विषय जेवताना काढू नये. किंमत साडेसात हजार पौंड. विकणारे आजोबा फार सज्जन. म्हणाले, ‘मी हिला पावसात कधी बाहेर काढली नाही.’ मला ती त्यांची माया वाटली. ती सूचना होती.

पहिल्याच सहलीत रात्री अडीच वाजता माझ्या डाव्या कानात थेंब पडला.

उशीच्या बरोबर वर छताला एक झडप आहे, हवा यायला. म्हणजे चोर सापडला. पुढच्या शनिवारी झडपेभोवतीचं जुनं सगळं खरवडून काढलं, नवीन लावलं, वरून तीन बादल्या पाणी ओतलं. टिपूस नाही. पुढच्या पावसात थेंब उजव्या कानात. गाडीच्या छपरात पाणी सरळ येतच नाही. त्याचं सरकारी अर्जासारखं असतं. आत जातं एका खिडकीतून, मग अस्तरामागून, वायरींवरून, फळ्यांच्या सांध्यांतून महिनाभर हिंडतं आणि उगवतं भलत्याच टेबलावर.

खरं भोक सापडायला नोव्हेंबर उजाडला. दाराच्या वर बाहेरून कापडी मांडव अडकवायला अॅल्युमिनियमची पट्टी असते. तिला तेवीस स्क्रू. म्हणजे कुणीतरी धडधाकट गाडीला तेवीस भोकं पाडली आणि त्याला सोय म्हटलं. तेरा स्क्रू जोर लावून निघाले. चौदाव्याला नुसता हात लावला तर तो हलणाऱ्या दुधाच्या दातासारखा चिमटीत आला. भोकात लोखंड नव्हतंच, ओली तपकीर भरावी तसा गंज होता. शिवाय आधीच्या कुणीतरी पट्टीच्या कडेने न्हाणीघराला लावतात ते सिलिकॉन फासून ठेवलेलं. या धंद्यातलं हे महापातक. सिलिकॉनवर नंतर काही म्हणजे काही चिकटत नाही, नवं सिलिकॉनसुद्धा नाही. ते नखांनी, प्लॅस्टिकच्या उलथन्याने, बोट बोट करत उकरायचं, स्पिरिटने पुसायचं आणि मग ब्यूटाइलची टेप बसवायची. ही टेप म्हणजे अर्धवट जमलेला चिक्कीचा पाक. हाताला चिकटते, भुवईला चिकटते, मोबाइलला चिकटते. पट्टीला चिकटवायला मला तीन शनिवार लागले.

त्यातच मी ओलावा मोजायचं यंत्र आणलं. त्याला दोन सुया असतात. लाकडात टोचायच्या आणि आकडा वाचायचा. पंधराच्या आत असला तर निवांत झोपा, विसाच्या पुढे गेला तर काळजीला लागा. मागच्या डाव्या कोपऱ्यात आकडा वाचायची वेळच आली नाही, सुया लोण्यात जाव्यात तशा आत गेल्या. तेव्हापासून ऑफिसातून आलो की बूट न काढता आधी गाडीचा ताप बघून यायचो, मग घरात. एकदा यंत्र हातात होतंच म्हणून घराच्या जिन्याखालची भिंत तपासली. बावीस. त्याच संध्याकाळी बायकोने यंत्र जप्त केलं.

मग फ्रिज. घरचा फ्रिज घरघरतो कारण त्यात कॉम्प्रेसर असतो. या फ्रिजमध्ये हलणारा एकही भाग नाही. आत अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन कोंडलेलं. खाली गॅसची ज्योत पेटवायची, अमोनिया तापून पाण्यातून निघतो, नळ्यांमधून फिरतो आणि या सगळ्या तापातापीचा शेवट थंडाव्यात होतो. ही युक्ती १९२२ साली बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी काढली. विद्यार्थ्यांनी! आम्ही त्या वयात कटिंग चहा अर्धा अर्धा करण्यापलीकडे काही शोध लावला नव्हता.

आमच्या फ्रिजची ज्योत पेटायची, मागची नळी चटका बसेल इतकी तापायची आणि आत दुधाचं दही व्हायचं. जाणत्यांनी उपाय सांगितला की अमोनिया कुठेतरी अडकलाय, फ्रिज बाहेर काढा आणि दिवसभर उलटा ठेवा. मला वाटलं थट्टा करतायत. नव्हते करत. परवानाधारक माणूस बोलावून गॅसची नळी सोडवून घेतली (दहा मिनिटांचं काम, पैसे तासाचे) आणि फ्रिज हॉलमध्ये आणून शीर्षासनात उभा केला. नेमकं त्याच दिवशी आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू. हलवू नका अशी सक्त ताकीद होती, म्हणून बायकोने त्याच्यावर चादर घातली आणि वर तिळगुळाचं ताट ठेवलं. दिसायला छान दिसत होतं. फक्त दर दहा मिनिटांनी ताटाखालून ‘गुडुक्’ असा आवाज यायचा. बायका एकमेकींकडे बघायच्या, पण विचारणार कोण? निघताना एका वहिनींनी बायकोला बाजूला घेऊन ओवा चावून वर कोमट पाणी प्यायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी फ्रिज सरळ करून जागेवर बसवला, एक रात्र जाऊ दिली आणि खोटं कशाला सांगू, तो गार झाला. अट एकच, गाडी सपाट उभी हवी. जरा कलली की महाराज रुसले.

मे महिन्यात सासरे आले. मामांनी एसटीच्या दापोडीच्या कार्यशाळेत बसच्या बॉड्या बांधण्यात उमर काढली. पुण्याहून नगरला पहिली एसटी सुटली ती १ जून १९४८ला आणि मामांचा जन्मही त्याच साली. त्यामुळे एसटीला कुणी नाव ठेवलं की जुळ्या भावाला बोलल्यासारखं त्यांना लागतं. विमानतळावरून आले, चहा ठेवू का म्हटलं तर ‘आधी डबा दाखवा’ म्हणाले. गाडीभोवती एक चक्कर मारली. बोटाच्या पेराने पत्रा तीनचार ठिकाणी वाजवला.

‘जावईबापू, हे तुम्ही विकत घेतलंत?’

‘हो मामा.’

‘पैसे देऊन?’

मग शिडी मागवून वर डोकावले. ‘रिवेट दिसंनात.’

‘रिवेट नाहीत मामा. छत चिकटवलेलं आहे.’

‘चिकटवलेलं,’ मामा म्हणाले. मी ते कणकेच्या खळीने चिकटवलंय असा काहीतरी त्यांचा समज झाला असावा. त्या दिवशी ते पुढे काही बोलले नाहीत.

पण दुसऱ्या दिवसापासून गाडी त्यांनी ताब्यात घेतली. गाडी सपाट आहे का ते बघायला माझ्याकडे मोबाइलवर एक अॅप होतं, बुडबुडा दाखवणारं. मामांनी स्वयंपाकघरातून स्टीलची वाटी आणली, गाडीतल्या ओट्यावर ठेवली, काठोकाठ पाणी भरलं. ‘ज्या बाजूला सांडंल ती बाजू उचला.’ मोबाइल सांगत होता सपाट, वाटी सांगत होती उजवीकडे. उजव्या चाकाखाली फळी सरकवली तेव्हा फ्रिज गार झाला. मी अॅप काढून टाकलं.

अपग्रेड हा शब्द आमच्या घरात आता कुणी उच्चारत नाही. त्याची सुरुवात बॅटरीपासून झाली. गाडीतले दिवे, पंप वगैरे चालवायला वेगळी बॅटरी असते. आमची शिशाची, ११० अँपिअर-तासांची, उचलताना कंबर धरावी इतकी जड. पण ती निम्म्याखाली उतरवली तर तिचं आयुष्य घटतं. म्हणजे पाच किलो तांदूळ आणायचे आणि अडीचच शिजवायचे. म्हणून लिथियमची आणली, वजनाला निम्म्याहून हलकी. ही लिथियम इंजिनावर वीज बनवणाऱ्या जुन्या अल्टरनेटरकडून इतकी हावरटासारखी वीज ओढते की तो तापून बसायची भीती, म्हणून मधे वेगळा चार्जर. चार्जरला जाड केबल. जाड केबलला मोठा फ्यूज. फ्यूजला जागा नाही, म्हणून कपाटाची पाठ कापली. पाठ कापल्यावर आतलं लाकूड दिसलं. ओलं.

त्याचं लाकूड बदलून होतंय तोवर मला सौर पॅनेलची हुक्की आली. शंभर वॅटचं, टोपीवर चिकटवायचं, भोक नको, काही नको. आणून बसवल्यावर लक्षात आलं की वायर आत कशी घ्यायची याचा विचारच केला नव्हता. ड्रिल हातात घेऊन मी शिडीवर उभा होतो. खाली मामा, आमच्या आजोबांसारखेच, मान वर करून.

‘सहा महिने भोकं बुजवलीत ना तुम्ही?’

‘हो.’

‘मग आता हे काय करताय?’

या प्रश्नाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. भोक पाडलं. मामांनी ते स्वतःच्या हाताने असं बंद केलं की माझी हिंमत झाली नसती. टेप, वर टोपण, टोपणाभोवती आणखी सीलंट आणि मग अंगठ्याने सगळीकडून दाबत दाबत, मोदकाची पारी बंद करावी तसं.

वार्षिक तपासणी म्हणजे इथली एमओटी, तिचं फार लांबवत नाही. तपासणारा माणूस गाडीखाली उभा राहून कलिंगड बघावं तसं ठोकून बघतो आणि शेवटी प्रगतिपुस्तक हातात देतो. आमच्या पहिल्या प्रगतिपुस्तकात दाराखालच्या पट्टीत, सीटबेल्टच्या जोडाजवळ गंज निघाला म्हणून नापास. बाहेरून काळा रंग दिलेला, आत नुसतं पुटिंग. वेल्डिंगच्या खर्चात राजापूरचं आख्खं घर नव्या कौलांनी शाकारून झालं असतं. शिवाय गाडी जुनं डिझेल पिणारी, म्हणून लंडनात शिरली की प्रदूषणापायी दिवसाला कमीत कमी साडेबारा पौंड दंडवत. हॅरोला मेव्हणी राहते, पण हॅरोही ऑगस्ट २०२३पासून त्याच हद्दीत. आम्ही लंडनभोवतीच्या एम-ट्वेंटीफाइव्ह रस्त्यावरून ११७ मैलांची प्रदक्षिणा घालतो आणि तिला फोन करतो.

ऑगस्टमध्ये बायको म्हणाली, आता गाडी ठोकणं बस, कुठेतरी जाऊ या. लेक डिस्ट्रिक्टमधली बोरोडेल नावाची दरी तिने फोटोत बघून ठरवली. हिरवे डोंगर, दगडी भिंती, मेंढ्या. बुकिंग झाल्यावर मला कळलं की त्याच दरीत सीथवेट नावाचं गाव आहे आणि इंग्लंडातलं सर्वांत जास्त पावसाचं वस्तीचं ठिकाण म्हणून ते ओळखलं जातं. वर्षाला सुमारे ३,५०० मिलिमीटर. म्हणजे मी सगळं आयुष्य घालवून परत रत्नागिरी जिल्ह्यातच चाललो होतो.

पुढच्या तीन सीटांवर तिघं बसून गेलो. पोचल्यावर वाटी निघाली, गाडी सपाट झाली. तंबूवाल्यांच्या रांगेत खांबावरून विजेची केबल जोडली. तिथे वीज दहा अँपिअरच मिळते, म्हणजे सगळं मिळून २,३०० वॅट. आमची घरची किटली एकटीच तीन हजार वॅटची. बायकोने चहासाठी बटण दाबलं आणि आमचा खांब मेला. त्याच खांबावर शेजारच्यांचीही केबल होती. ते गृहस्थ टीव्ही बघता बघता काळोखात बाहेर आले, काही बोलले नाहीत, नुसतं आमच्या किटलीकडे बघितलं. मामांनी गॅसवर पातेलं ठेवून आलं घातलेला चहा केला आणि त्यांनाही कप नेऊन दिला. मग ते बसले, आणि एसटीच्या पत्र्याबद्दल मामांनी मराठीत सांगितलेलं सगळं त्यांनी इंग्रजीत मान डोलावत ऐकलं.

रात्री दहाला पाऊस आला. कोकणातला नाही, तो निदान आधी वर्दी देतो. हा मुकाट्याने सुरू झाला आणि मग थांबेच ना. बाकांच्या पलंगावर बायको आणि मामा, आणि मी पुढच्या सीटांच्या वरच्या फळीवर, जी मुळात लहान मुलांसाठी आहे. नाकापासून वीतभर अंतरावर छत. मी काळोखात स्क्रू मोजत पडलो. एकेकाचा सांधा आठवत होतो. बारा वाजले, एक वाजला. कानात काही नाही. उशी कोरडी. अस्तरावर हात फिरवला, कोरडं. छातीत काहीतरी उबदार दाटून आलं. आजोबांना एकदा तरी हे दिसायला हवं होतं, असंही वाटून गेलं.

अडीचला आवाज आला. टण्.

मी श्वास धरून पडलो. पुन्हा, टण्.

‘जावईबापू, झोपा,’ खालून काळोखातून मामा म्हणाले. ‘वाटी ठेवलीय.’

‘कुठे?’

‘तुमच्या त्या सोलरच्या वायरीखाली. वायरीला मी कपाटाच्या वर जरा पोट काढून ठेवलंय, थेंब तिथनं गळून खाली पडतोय. बॅटरीपर्यंत जात नाही.’

‘पण मामा, तुम्ही कधी ठेवलीत?’

‘संध्याकाळीच. आल्या आल्या.’

बायको कुशीवर वळली. ‘आणि वाटी भरल्यावर, बाबा?’

‘भरू दे की,’ मामा म्हणाले. ‘ज्या बाजूला सांडंल ती बाजू सकाळी उचलू.’