‘सगळ्या जार वॉरमध्येच भरा’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

हायबरनेट (जावा ॲप्लिकेशनला डेटाबेसशी जोडणारी लायब्ररी) वापरणारे ॲप्लिकेशन सर्व्हरवर चढवताना लायब्ररींच्या आवृत्त्यांचा गोंधळ झाला, की एक सल्ला हमखास पुढे येतो. त्यातली जार म्हणजे लायब्ररीची फाइल, वॉर म्हणजे अशा जार पोटात घेऊन सर्व्हरवर जाणारी ॲप्लिकेशनची फाइल, क्लासलोडर म्हणजे क्लास शोधून आणणारा भाग आणि मेव्हन म्हणजे लागतील त्या लायब्ररी आणून बिल्ड करणारे साधन. सल्ल्याचा आशय असा : ‘सर्व्हरमध्ये आधीपासून काय भरले आहे याची फिकीर करू नका. तुम्हाला हवी ती आवृत्ती वॉर फाइलच्या वेब-इन्फ/लिब फोल्डरमध्ये ठेवा, कारण वॉरमधलाच क्लास आधी उचलला जातो. तरीही अडले तर क्लासलोडरचा क्रम उलटा करा. दुहेरी आवृत्त्या गाळायचे काम मेव्हन करतोच, आणि शंका असेल तेव्हा सर्वांत नवी आवृत्ती घाला.’ हा सल्ला देणारे लोक खोटे बोलत नाहीत. त्यांच्यापैकी बहुतेकांचा अनुभव टॉमकॅटवरचा असतो आणि तिथे तो बराचसा खरा ठरतो. मात्र मूळ टॉमकॅटमध्ये स्वतःचा जेपीए प्रोव्हायडरच (डेटाबेस हाताळण्याचा जेपीए हा जावाचा मापदंड प्रत्यक्ष राबवणारी, हायबरनेटसारखी लायब्ररी) नसतो, त्यामुळे भांडायला दुसरा पक्ष हजर नसतो. वेबलॉजिक, वेबस्फिअर, ग्लासफिश, वाइल्डफ्लाय यांच्याकडे तो असतो, आणि तिथे या सल्ल्यातले एकेक वाक्य तपासून पाहावे लागते.

वॉरमधला क्लास आधी उचलला जातो, हे पहिले विधान. सर्व्हलेट स्पेसिफिकेशनमध्ये तशी शिफारस आहे, सक्ती नाही, आणि शिवाय प्लॅटफॉर्मचे स्वतःचे क्लास ॲप्लिकेशनने झाकू नयेत असेही तिथेच म्हटले आहे. वेबलॉजिकचा मूळ क्रम याच्या नेमका उलट आहे : आधी पालक लोडरला, म्हणजे सर्व्हरच्या वरच्या क्लासलोडरला, विचारायचे आणि त्याच्याकडे नसेल तरच वॉरमध्ये शोधायचे. जेबॉसने (वाइल्डफ्लायचे आधीचे नाव) ७व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०११पासून, मॉड्यूलची रचना स्वीकारली. तीत सर्व्हरने आपण होऊन जोडलेली मॉड्यूल पहिल्या क्रमांकावर येतात, तुम्ही मागून घेतलेली मॉड्यूल दुसऱ्यावर आणि तुमच्या वेब-इन्फ/लिबमधल्या जार तिसऱ्यावर. जेपीएचे एपीआय (मापदंडातल्या क्लास-इंटरफेसांचा संच) सर्व्हर आपण होऊन जोडतो, म्हणून त्या पॅकेजपुरती तुमची जार फोल्डरमध्ये असूनही कोणी तिच्याकडे पाहत नाही.

याचा ठळक नमुना म्हणजे जेपीए २.० चालवणाऱ्या जेबॉस ईएपी ६वर हायबरनेट ४.३ चढवण्याचा प्रयत्न. हायबरनेट ४.३ हे २०१३मध्ये आलेल्या जेपीए २.१साठी लिहिलेले आहे आणि त्या आवृत्तीत ‘टेबल’ या ॲनोटेशनला (क्लासवर लावायच्या खुणेला) ‘इंडेक्सेस’ हा नवा घटक मिळाला. हायबरनेट तो घटक मागते, पण समोर आलेला ‘टेबल’ क्लास जुन्या एपीआयचा असतो, आणि अशी मेथडच नाही म्हणून नोसचमेथडएरर येतो. गंमत अशी, की हा एरर पाहून पुष्कळजण वॉरमध्ये नवी एपीआय जार ‘आणखी एकदा’ घालतात. ती आधीपासून तिथेच असते.

आता दुसरे विधान, क्लासलोडरचा क्रम उलटा करण्याचे. त्याकडे नीट पाहायला हवे, कारण हा उपाय कधी लागू पडतो आणि म्हणूनच तो अधिक फसवतो. वेबलॉजिकमध्ये त्यासाठी प्रिफर-वेब-इन्फ-क्लासेस ही खूण आहे, वेबस्फिअरमध्ये ‘पॅरेंट लास्ट’ आहे, ग्लासफिशमध्ये डेलिगेट हे मूल्य फॉल्स करतात. अडचण ही, की जेव्हीएमच्या (जावा प्रोग्राम चालवणाऱ्या यंत्रणेच्या) लेखी क्लासची ओळख नुसत्या नावाने ठरत नाही. ती नाव आणि तो क्लास डिफाइन करणारा लोडर या जोडीने ठरते. एकाच नावाचे दोन खातेदार दोन वेगळ्या गावांच्या सातबाऱ्यांवर असावेत, तसा हा प्रकार आहे. वॉरमध्ये पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल ही फाइल दिसली, की ॲप्लिकेशन सुरू होण्याआधीच सर्व्हर ती वाचतो, तीत नाव दिलेल्या प्रोव्हायडरचा क्लास तयार करतो आणि त्याला स्वतःच्या ओळखीच्या ‘पर्सिस्टन्सप्रोव्हायडर’ या इंटरफेसमध्ये बसवू पाहतो. तुम्ही क्रम उलटा केल्यामुळे हायबरनेटचा प्रोव्हायडर मात्र वॉरमधल्या इंटरफेसला जोडला गेलेला असतो. दोन्ही इंटरफेसचे नाव अक्षर न् अक्षर सारखे, लोडर वेगळे, परिणामी क्लासकास्टएक्सेप्शन. वाचणाऱ्याला त्या संदेशात संगती दिसत नाही, कारण हायबरनेटचा प्रोव्हायडर हा पर्सिस्टन्सप्रोव्हायडर असतोच, आणि तो नाही असे जेव्हीएम ठामपणे सांगत असते. म्हणजे क्रम सरळ ठेवला तर मेथड सापडत नाही आणि उलटा केला तर प्रकार जुळत नाही. या कात्रीतून जार इकडून तिकडे हलवून सुटका होत नाही.

सरसकट उलटापालट करण्याऐवजी नेमक्या पॅकेजपुरती सवलत मागणे हा वेगळा मार्ग आहे, आणि तो का लागतो हे वेबलॉजिकवरच्या जुन्या अँटलर प्रकरणातून चांगले कळते. हायबरनेट ३ आपली एचक्यूएल क्वेरी वाचण्यासाठी अँटलर ही पार्सर लायब्ररी वापरत असे, आणि वेबलॉजिकच्या स्वतःच्या क्लासपाथवरही अँटलर होतीच. पालक आधी या नियमाने सर्व्हरची अँटलर उचलली जाई. तिला हायबरनेटचा ‘एचक्यूएलटोकन’ हा क्लास नावाने शोधायचा असे, पण पालक लोडरला खालच्या वॉरमधले काही दिसत नाही, त्यामुळे तो सापडत नसे. इथे आवृत्ती जुनी की नवी हा प्रश्नच नव्हता. दोन्हीकडे तंतोतंत एकच अँटलर असती तरी हेच घडले असते. म्हणून मी या साऱ्याला ‘आवृत्त्यांचा संघर्ष’ म्हणताना थोडा कचरतो. त्यावरचा उपाय प्रिफर-ॲप्लिकेशन-पॅकेजेस या खुणेत फक्त अँटलरचे पॅकेज लिहिणे हा होता. जेपीएच्या इंटरफेसला हात लागत नसल्यामुळे वर सांगितलेली कात्री तिथे उद्भवत नसे.

तेव्हा जार कुठे ठेवायची यापेक्षा एंटिटी मॅनेजर (डेटाबेसशी देवघेव करणारा जेपीएचा ऑब्जेक्ट) पुरवणारी एंटिटी मॅनेजर फॅक्टरी कोण बांधणार, हे आधी ठरवायला हवे. ती सर्व्हरने बांधावी, व्यवहार (ट्रान्झॅक्शन) सर्व्हरच्या जेटीएमध्ये, म्हणजे ते सांभाळणाऱ्या यंत्रणेत, चालावेत आणि एंटिटी मॅनेजर आयता आत टोचला जावा असे हवे असेल, तर एपीआय सर्व्हरचेच वापरावे लागते. एपीआयची जार मेव्हनमध्ये ‘प्रोव्हायडेड’ (वॉरमध्ये न भरण्याची) ठेवायची आणि प्रोव्हायडरची आवृत्ती त्या एपीआयला मानवेल अशीच निवडायची. हायबरनेट आपलेच हवे, तर वाइल्डफ्लायला पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएलमध्ये प्रोव्हायडर-मॉड्यूलचे मूल्य ‘ॲप्लिकेशन’ देऊन तसे सांगता येते. एपीआय तरीही सर्व्हरचेच राहते.

उलट फॅक्टरी आपणच बांधणार असू, उदाहरणार्थ स्प्रिंग या फ्रेमवर्कमार्फत, तर सर्व्हरला त्या कामाचा सुगावाही लागू देऊ नये. वॉरमध्ये पर्सिस्टन्स डॉट एक्सएमएल याच नावाची फाइल ठरलेल्या जागी राहिली, तर सर्व्हर ती उघडणारच. ती दुसऱ्या नावाने ठेवावी, किंवा स्प्रिंग ३.१पासून मिळणाऱ्या सोयीने नुसते पॅकेजचे नाव देऊन एंटिटी (टेबलांशी जोडलेले क्लास) शोधाव्यात, म्हणजे फाइलच लागत नाही. वाइल्डफ्लायवर जेपीए ही उपप्रणाली त्या डिप्लॉयमेंटपुरती वगळताही येते. अशी फारकत केल्यावर एपीआय आणि प्रोव्हायडर दोन्ही वॉरमधून उचलणे सुसंगत ठरते. आणि सर्व्हरच्या जेटीएशी अजूनही व्यवहार करायचा असेल, तर तो कुठे सापडेल हे हायबरनेटला स्वतः सांगावे लागते. मूळ सल्ल्याला न्याय द्यायचा तर एवढे म्हणता येईल, की तो या दुसऱ्या मार्गाचा अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा सांगितला जात नाही.

मेव्हन दुहेरी आवृत्त्या गाळतो, हे खरे आहे, पण ग्रुप आणि आर्टिफॅक्ट (मेव्हन ज्यांवरून लायब्ररी ओळखतो) यांची नावे सारखी असतील तेव्हाच. तेव्हासुद्धा तो सर्वांत नवी नव्हे, तर डिपेंडन्सीच्या झाडात मुळाला सर्वांत जवळ असलेली आवृत्ती ठेवतो. जेपीएच्या बाबतीत नावेच सारखी नाहीत. हायबरनेटने जेपीए २.० आणि २.१ यांच्या एपीआय जार काढल्या, तेव्हा जेपीएची आवृत्ती आर्टिफॅक्टच्या नावातच घातली, त्यामुळे मेव्हनच्या दृष्टीने त्या दोन निराळ्या लायब्ररी ठरतात आणि दोघी शेजारी शेजारी वेब-इन्फ/लिबमध्ये जाऊन बसतात. एक्लिप्सलिंकची जार आणखी वेगळ्या नावाने येते, आणि जावा-ईईची सामायिक एपीआय जार तेच क्लास पोटात घेऊन येते. इतकेच नव्हे, जकार्ता (जावा-ईईचे नवे नाव) पर्सिस्टन्स एपीआयची २.२.३ ही जार नावाने जकार्ता असली तरी तिच्या आतले पॅकेज जुन्या जावाएक्स या नावाचेच आहे. नावावर विसंबून कोणी ती जकार्ताच्या नव्या सर्व्हरसाठी घेतली, तर फसगत ठरलेली. डिपेंडन्सीचे झाड छापून पाहिल्यावरही हे डोळ्यांना सहज दिसत नाही. एकच क्लास दोन जारमध्ये आहे का, हे तपासणारा मेव्हनच्या एन्फोर्सर या प्लगइनचा नियम लावला तरच बिल्ड वेळेवर थांबते.

सर्वांत नवी आवृत्ती घालण्याच्या सल्ल्यावर फार लिहायला नको. २०२०च्या जकार्ता ईई ९मध्ये पॅकेजचे नाव जावाएक्सवरून जकार्तावर गेले आणि २०२२मध्ये आलेले हायबरनेट ६ त्याच नावावर उभे आहे. ते जकार्ता ईई ८च्या सर्व्हरवर चढवले, तर क्लासांची टक्करही होत नाही, कारण नावेच निराळी. फक्त सर्व्हरला ती ॲनोटेशन ओळखता येत नाहीत, एंटिटी मॅनेजरचा फील्ड नलच राहतो आणि पहिल्या वापराला नलपॉइंटरएक्सेप्शन येतो. वाइल्डफ्लाय २७पासून उलटा अनुभव येतो : तो जकार्ता ईई १०वर गेला असल्याने जावाएक्सवाल्या जुन्या ॲप्लिकेशनच्या ॲनोटेशनकडे तो पाहतही नाही.

म्हणून कोणतीही जार हलवण्याआधी तो क्लास नेमका कुठून आला, हे जेव्हीएमलाच विचारावे. जावा ८पर्यंत व्हर्बोज-क्लास हा पर्याय आणि जावा ९पासून क्लास-लोडचा लॉग चालू केला, की प्रत्येक क्लासपुढे त्याचा उगम छापला जातो. चालत्या ॲप्लिकेशनमध्ये ‘टेबल’ ॲनोटेशनच्या प्रोटेक्शन डोमेनमधून कोडसोर्सचा पत्ता काढणे हे एका ओळीचे काम आहे, आणि तो पत्ता सर्व्हरच्या मॉड्यूलचा निघाला की वॉरमध्ये चौथी जार टाकायचा बेत आपोआप गळून पडतो.