600 फुटांवर लागलेलं पाणी नेमकं कुठलं? एका प्रतिक्रियेला उत्तर

दादा, नमस्कार.

घरच्या बोअरसाठी 200 फुटांवर थांबून विचार करा, हा आमचा सल्ला तुम्हाला पटला नाही. शेजाऱ्याच्या बोअरला 200 फुटांवर नुसती ओल होती, 600 पर्यंत नेल्यावर दुसऱ्या दिवशी मोटारीने तासभर दणदणीत पाणी काढलं, दोन इंच भरलं, असं तुम्ही लिहिलंत. वर, केसिंग (बोअरच्या वरच्या भागात माती धसू नये म्हणून बसवतात तो पाइप) वाढवायला सांगून आम्ही लोकांचा खर्च वाढवतो, असाही आक्षेप आहे. दोन्हींवर सविस्तर लिहितो, कारण याच समजुतीपायी आपल्याकडे घरटी लाखाच्या घरात पैसा जमिनीत जातो.

आधी तो 'तासभर' बघू. साडेसहा इंची बोअरमध्ये दर फुटाला साधारण साडेसहा लिटर पाणी मावतं. पाणी 200 फुटांवर उभं असेल आणि तळ 600 वर असेल, तर 400 फुटांत 2600 लिटर झालं. आता दोन इंच म्हणजे किती? बोअरचं पाणी मोजायला लावतात त्या पत्र्याच्या काटकोनी खाचेवरून दोन इंच उंचीने पडणारं पाणी तासाला सुमारे 2900 लिटर असतं. (एक इंच म्हणजे त्याच्या निम्मं नव्हे, जेमतेम 500 लिटर. इंचाच्या हिशोबात माणसं फसतात ती इथेच.) म्हणजे शेजाऱ्यांनी तासभरात उपसलं ते बोअरच्या नळीत साठलेलं पाणी. खडकाने ते दिलं आदल्या दिवसापासून, वीसेक तासांत. तासाला सव्वाशे-दीडशे लिटर, बस.

आणि हे पाणी 600 वरून आलं असेल असं मला वाटत नाही. खात्री स्वतः करा. मोटार बंद करून दोन तासांनी भर दुपारी आरशाने ऊन बोअरमध्ये सोडा. साठ-सत्तर फुटांवर भिंत ओली चमकताना दिसेल. तोंडाशी कान लावला तर पाणी खाली पडल्याचा आवाजही येईल. तीच ती 200 फुटांच्या आतली ओल. खालचे 400 फूट तिची टाकी झाले, तेही फुटाच्या दराने पैसे मोजून.

हे असं का होतं, ते आपल्या खडकातच आहे. मराठवाड्याचा बहुतेक भाग बेसाल्टचा. लाव्हाचे थर एकावर एक बसलेत. प्रत्येक थराचा वरचा भाग सच्छिद्र, ज्याला विहीर खोदणारे मांजऱ्या म्हणतात, आणि खाली काळा पाषाण. दोन थरांच्या मध्ये कुठे कुठे तांबडा गेरू. पाणी राहतं ते मुरमात, झिजलेल्या मांजऱ्यात आणि भेगांत. खोल जाल तसं वरच्या वजनाने भेगा आवळत जातात. खोलवर भेग लागतच नाही असं नाही. लागते, आणि कधी चांगलं पाणीही देते. पण तिचं पुनर्भरण सावकाश होतं, म्हणून दोन-तीन उन्हाळ्यांत ती अनेकदा आटते. 'पाताळगंगा' वगैरे खाली काही नाही. 1993 च्या भूकंपानंतर किल्लारीला संशोधनासाठी घेतलेल्या खोल बोअरमध्ये बेसाल्ट 338 मीटर निघाला आणि थोड्या गाळाच्या थरानंतर खाली ग्रॅनाइट.

घराला लागतं किती? पाच माणसांना 55 लिटरने 275, दोन जनावरांचे शंभर धरा. चारशेच्या आत दिवस भागतो. तासाला सव्वाशे लिटर देणारी ती 'नुसती ओल' दिवसाला 3000 लिटर देते. 200 फुटांवर थांबून लहान मोटार दिवसातून दोनदा चालवून हजार लिटरची टाकी भरली असती तर भागलं असतं. तासाला 2900 लिटर 200 फुटांवरून उचलायला दीड एचपी पुरते, 600 वरून पाचच्या आसपास लागते. राज्याच्या भूजल कायद्यानेही 60 मीटरच्या पुढची ती 'खोल विहीर' अशी रेषा आखली आहे, ती याच खोलीला येते.

आता केसिंग. जास्त पाइप टाकला की वरचं पाणी बंद होतं, ही तुमची शंका रास्त आहे. म्हणूनच किती फूट टाकायचा हे बोअर मारणाऱ्या गाडीवाल्याने ठरवायचं नाही, आतून निघणाऱ्या दगडाच्या भुकटीने ठरवायचं. गाडीचा एकेक रॉड आत जाईल तशी निघणारी भुकटी ताडपत्रीवर ओळीने वेगळी ठेवायला लावा. पिवळट मुरूम संपून राखाडी-काळी भुकटी येऊ लागली की त्या पाषाणात निदान तीन-चार फूट पाइप बसला पाहिजे. मुरमातच टेकवला तर पहिल्या पावसाळ्यात खालून माती धसते. पाइपाबाहेरच्या फटीत वरचे दहा फूट सिमेंटची खळ भरा, पोत्याला 25 लिटर पाणी. तिथे दगड-माती कोंबली तर शोषखड्ड्याचं पाणी त्याच फटीने उतरतं. शोषखड्डा बोअरपासून निदान 50 फूट दूर असू द्या, मुरूम जाड असेल तर त्याहून जास्त.

सगळ्यात घातक तांबडी भुकटी. गेरू भिजला की फुगतो, ढेकळांनी सुटून मोटारीवर बसतो आणि मोटार अडकते. तो 40-50 फुटांवर असेल तर केसिंग त्याच्या खाली न्या. शंभरच्या पुढे असेल तर आतून पाच इंची पीव्हीसी सोडा, गेरूसमोर सलग आणि पाण्याच्या थरासमोर खाचा पाडलेला. हा खर्च जास्तीचा खराच, पण अडकलेली मोटार काढताना अख्खा बोअर जातो.

पाणी किती हे बोअर मारताना कॉम्प्रेसरच्या हवेने उडणाऱ्या फवाऱ्यावर ठरवू नका. एक दिवस थांबा, पातळी मोजा, 20 लिटरची बादली किती सेकंदांत भरते ते दर दहा मिनिटांनी लिहा, आणि मोटार बंद केल्यावर पातळी किती वेळात परत येते ते पाहा. हे मे महिन्यात करा. ऑक्टोबरचा बोअर सगळ्यांनाच चांगला वाटतो.

तुमचं गाव देगलूर-बिलोलीकडचं असेल तर मात्र वरचं बरंचसं लागू नाही. तिकडे ग्रॅनाइट आहे, गणित वेगळं, आणि पिण्याआधी फ्लोराइड तपासायलाच हवं. लिटरला 1.5 मिलिग्रॅमपेक्षा जास्त असेल तर ते पाणी पोरांना देऊ नका. गाव कोणतं आणि आरशात ओल किती फुटांवर दिसली, एवढं कळवा.