दहा वेळा वाचलं म्हणजे आलं?

परीक्षा जवळ आल्या की आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास फिरतो, 'टॉपर होण्याची पाच सूत्रं'. धडा दहा वेळा वाचा, महत्त्वाचं रंगवा, पहाटे चारला उठा, आपली 'लर्निंग स्टाइल' ओळखा आणि हे सगळं २१ दिवस करा, की सवय लागलीच. यंदा भाच्याने तो फ्रिजवर चिकटवला. खंडव्याहून बी.एस्सी.साठी इंदूरला आलेला हा मुलगा आमच्याकडे रामबागेत राहतो, त्यामुळे मला गप्प बसवेना.

दहा वेळा वाचणं. म्हटलं, "क्रेब्स सायकल, ते पेशीत अन्नातून ऊर्जा काढणारं रासायनिक चक्र, झालं?" "मामा, पाठ आहे!" पुस्तक मिटवलं, विजेच्या बिलाची कोरी बाजू पुढे केली. सायट्रेट, आयसोसायट्रेट, अल्फा-कीटोग्लुटरेट... आणि गाडी थांबली. पुढची नावं मी सांगितली, तर प्रत्येकाला "हो हो, माहितीये!" गोची इथेच आहे. पुन्हा वाचताना पान ओळखीचं वाटतं, आणि ओळखीलाच आपण 'येतं' समजतो. पेपरात पान समोर नसतं.

रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली नेमकं हेच तपासलं. काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, काहींनी न बघता आठवेल तेवढा लिहून काढला. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा वाचणारे पुढे होते, ८१ टक्के विरुद्ध ७५. आठवड्याने मात्र वाचणारे ४२ वर आले, लिहिणारे ५६ वर. म्हणजे वर्गाच्या दारात उभं राहून शेवटची नजर टाकणाऱ्यांना सूत्र लागू पडतं, एवढं कबूल.

रंगवणं. भाच्याच्या पुस्तकात पिवळं नसलेली ओळ शोधावी लागते. अभ्यासाच्या दहा पद्धती पारखणाऱ्या डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये हायलायटरला आणि पुनर्वाचनाला खालच्या रांगेत बसवलं. वर राहिल्या दोनच: स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास दिवसांच्या अंतराने वाटून घेणं.

पहाटे चार. साडेनऊला झोपणाऱ्याने खुशाल उठावं. पण ज्या गावात सराफा, म्हणजे रात्रीचा खाऊबाजार, दहानंतर रंगात येतो, तिथला पोरगा एकला भुट्ट्याचा कीस खाऊन झोपणार आणि चारला उठणार? वाचलेलं डोक्यात पक्कं होण्याचं बरंच काम झोपेत होतं, आणि हा कापतो नेमकी झोपच.

लर्निंग स्टाइल. 'मी बघून शिकणारा, तो ऐकून शिकणारा' असे गट पाडून तसं शिकवल्याने जास्त येतं, याला पुरेसा पुरावा नाही. पॅशलर आणि सहकाऱ्यांनी हे २००८ मध्येच मांडलंय.

राहिले २१ दिवस. लंडनमधल्या एका अभ्यासात सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागले, कुणाला १८, कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला. बाविसाव्या दिवशी कंटाळा आला म्हणून कुणी नालायक ठरत नाही.

फ्रिजवरचा कागद अजून आहे, मी काढला नाही. काल सकाळी मात्र पोहे-जलेबी संपवून भाच्याने पोह्यांच्या कागदाच्या कोऱ्या कडेवर पेन चालवलं. क्रेब्स सायकलमध्ये फ्युमरेटपर्यंत पोचला. पुढचं तेलात विरघळलं, असं त्याचं म्हणणं.